प्रतिसाद: कोल्हापूर की बेळगाव, कर नेमका कुठे बसतो?

वर दोन-तीन जणांनी कोल्हापूरपेक्षा बेळगावचं विमानाचं तिकीट स्वस्त पडण्याचं खापर जीएसटीवर फोडलंय. ते पटत नाही. इकॉनॉमी तिकिटावर 5 टक्के जीएसटी उजळाईवाडीलाही (कोल्हापूरचा विमानतळ) तोच आणि सांबऱ्यालाही (बेळगावचा विमानतळ) तोच. फरक पडतो तो इंधनात. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं आणि तो भरलेला व्हॅट तिकिटाच्या जीएसटीतून वळता करता येत नाही.

महाराष्ट्राने 2023च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा दर 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. उडानच्या, म्हणजे केंद्राच्या छोट्या शहरांसाठीच्या विमानसेवा योजनेतल्या, फेऱ्यांना त्या योजनेतल्या विमानतळावर भरलेल्या इंधनावर 1 टक्काच, पण तीच फेरी मुंबईत भरेल तर सवलत नाही. एटीआरसारख्या (पंख्यांची छोटी प्रवासी विमानं) 40 टनांखालच्या विमानांच्या इंधनावर मात्र केंद्रीय विक्रीकर कायद्यामुळे राज्याला 5 टक्क्यांपेक्षा जास्त कर लावता येत नाही. हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं!

मोठी विमानं मग इंधनावर कर कमी असलेल्या गावात जादा इंधन भरून नेतात. 2000 किलो जादा घेतलं तर तासाभरात त्यातलं साधारण 3 टक्के, म्हणजे 60 किलो, निव्वळ वजन वाहण्यातच जळतं. समजा एकीकडे 18 आणि दुसरीकडे 5 टक्के कर असेल, तर 2000 किलोवरचा फरक सुमारे 260 किलोच्या मूळ किमतीएवढा, म्हणजे तरीही फायदाच. अडतं ते उतरतानाच्या वजनमर्यादेपाशी. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीसाठी 15 टक्के जादा अंतर धरावं लागतं, म्हणून उतरताना वजन कमी ठेवावं लागतं, तेव्हा हा खेळ आपल्याकडे फारसा जमत नाही.