मदत हवी आहे: आईच्या फुफ्फुसात ९ मिमीची गाठ, टीबी की कॅन्सर कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची. बिडी-सिगारेट कधीच नाही, पण बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केला आणि तरुणपणी टीबी होऊन गेला. खोकला हटेना म्हणून सीटी काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ९ मिमीची भरीव गाठ निघाली. कडा काटेरी, कॅल्शियम नाही. पेट स्कॅनमध्ये एसयूव्ही (गाठ किती उजळते त्याचा आकडा) ३.२.

एक डॉक्टर म्हणतात जुना टीबी उलटलाय, सहा महिने गोळ्या देऊ. दुसरे म्हणतात आधी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी. बाबांना सुई नकोच आहे. गाठीत चरबी किंवा पॉपकॉर्नसारखं कॅल्शियम असेल तर ती साधी असते असं वाचलं. आईच्या गाठीत यातलं काहीच नाही. फुफ्फुसाचा वरचा भाग तर टीबीचीही नेहमीची जागा आणि कॅन्सरचीही. मग पेटवर किती विसंबायचं? थांबलो तर उशीर होईल का? ती रोज विचारते, ‘मला नेमकं झालंय काय?’ कृपया सांगा.

प्रतिसाद १ (छातीरोग विभागात काम करते):
ताई, पेटमध्ये टीबीची गाठही उजळते, त्यामुळे तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. पण पूर्वी टीबी झाला होता म्हणून हीही टीबीचीच, असंही धरू नका. काटेरी कडा असताना नुसत्या अंदाजाने गोळ्या सुरू केल्या आणि कॅन्सर निघाला तर ते सहा महिने फुकट जातात. हे मी फार पाहिलंय.

८ मिमीवरच्या भरीव गाठीसाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिऑलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या सूचनांत तीन महिन्यांनी सीटी, पेट किंवा तुकडा काढणं, हे पर्याय आहेत. आईच्या बाबतीत मी तुकड्याकडे झुकेन. थांबायचंच ठरलं तर पुढचा सीटीही पातळ स्लाइसचा हवा. ९ ची ११ मिमीच्या थोडी पुढे गेली की घनफळ दुप्पट झालं समजा.

बायोप्सीआधी एक नक्की सांगा: सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) नको, थोडा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला पाठवा. फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही, मग पुन्हा सुई.

आणि कोविडमध्ये एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) झाला होता का? तेव्हाही गाठ एवढीच असेल तर खूप दिलासा.

धागाकर्ती:
झाला होता, २०२१ मध्ये! फिल्म नाहीत, पण सीडी कपाटात सापडली. उद्याच दोन्ही सीडी रेडिऑलॉजिस्टकडे नेते. जुन्या सीटीत ही गाठ नसेलच, तर थेट बायोप्सी ना?

प्रतिसाद १:
हो. मग थांबू नका.