फॉक्सप्रोमधली पट्टी नव्या इंकटँक प्रिंटरवर कशी छापायची?

हळदपेढी_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची हळदीची अडत पेढी आहे. शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी बाबा आजही फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममधून काढतात. पोत्यांची वजनं ओळीनं टाकत जायचं, दर टाकायचा, की हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि आधी दिलेली उचल वजा होऊन खाली निव्वळ देणं येतं. कीबोर्डकडे न बघता ते हे करतात. नवीन सॉफ्टवेअर घ्या असं सगळे सांगतात, पण बाबांचा हात या प्रोग्रॅमवर बसलाय आणि हिशेबात तो कधी चुकलेला नाही. मला तो टिकवायचा आहे.

विंडोज एक्सपीचा जुना संगणक बंद पडला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं हेडही गेलं. घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा इंकटँक प्रिंटर आहे. नुसतं प्रोग्रॅमवर क्लिक केलं तर विंडोज उघडतच नाही, म्हणून जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारा डॉसबॉक्स टाकला. त्यात प्रोग्रॅम छान चालतो, जुन्या पट्ट्याही दिसतात. पण छापायला दिलं की ‘प्रिंटर नॉट रेडी’. वर्डमधून त्याच प्रिंटरवर व्यवस्थित छपाई होते.

पट्टी आधी १० बाय ६ इंचांच्या सलग कागदावर निघायची. आता ए४ किंवा ए५ चालेल. सौदे जोरात सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचं आहे.

पतसंस्था_कराड

आमच्याकडे डॉसचा प्रोग्रॅम बरीच वर्षं असाच चालला. प्रिंटर शेअर करायचा आणि कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज कमांडनं एलपीटी१ (जुना प्रिंटर पोर्ट) त्या शेअरला जोडायचा, शेवटी पर्सिस्टंट यस लिहायचं म्हणजे पुन्हा पुन्हा जोडावं लागत नाही. प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्या पोर्टवरच छापतोय. करून बघा.

क्लिपर_ते_पायथन

कराडकरांचा उपाय खरा आहे, पण ताईंच्या बाबतीत तो दोन ठिकाणी अडेल.

पहिलं म्हणजे ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. म्हणून डॉसबॉक्स लागतो. आता डॉसबॉक्सच्या आतला एलपीटी१ वेगळा आणि विंडोजचा वेगळा. बाहेर नेट यूज करून आतल्या प्रोग्रॅमला काही कळत नाही. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी केलेला आहे, त्यात छपाईची सोयच नाही. ‘प्रिंटर नॉट रेडी’ येतं ते यामुळे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. डॉस प्रोग्रॅम प्रिंटरला नुसती अक्षरं पाठवतो, मध्ये मध्ये काही खुणेचे आकडे. २७ आणि ६४ म्हणजे सगळं मूळपदावर आण, १५ म्हणजे बारीक टाइप, १२ म्हणजे पान सोड. ही एपसनची भाषा. डॉट मॅट्रिक्सच्या पोटात अक्षरांचे साचे असतात, इंग्रजी ‘ए’ आला की कुठल्या सुया मारायच्या ते प्रिंटर स्वतः ठरवतो. घरगुती इंकजेटपैकी (तुमचा इंकटँकही त्यातलाच) बहुतेकांना हे येत नाही. पानाचं पूर्ण चित्र संगणकावरचा ड्रायव्हर बनवतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. त्याला नुसती अक्षरं पाठवली तर दिवा लुकलुकतो, नाहीतर कोरा कागद बाहेर येतो. वर्डमधून छपाई होते ती ड्रायव्हरमुळे. प्रिंटर बिघडलेला नाही आणि बाबांचा प्रोग्रॅमही नाही. मधला दुभाषी हवा आहे.

तो दुभाषी डॉसबॉक्स-एक्समध्ये आहे. नाव सारखं असलं तरी हा वेगळा, फुकट मिळतो. त्यात एपसनची भाषा समजणारा एक आभासी डॉट मॅट्रिक्स आहे. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये पॅरलल नावाच्या विभागात पॅरलल१ समोर प्रिंटर लिहा. प्रिंटर विभागात प्रिंटर समोर ट्रू. रुंदी आणि उंची तिथे इंचाच्या दहाव्या भागात द्यायची असते. मूळ आकडे ८५ आणि ११० आहेत, ते अमेरिकेचा लेटर कागद धरून. ए५ आडवा हवा असेल तर ८३ आणि ५८ करा. प्रिंटआउटपुट आधी पीएनजीवरच राहू द्या. पट्टी चित्र म्हणून फोल्डरमध्ये येईल, शाई आणि कागद न घालवता बघता येईल. ती बरोबर दिसली की मगच तिथे प्रिंटर लिहा आणि विंडोजच्या प्रिंटरमध्येही कागद ए५ निवडा.

एक कळकळीची विनंती. या सगळ्याला हात लावण्याआधी प्रोग्रॅमचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. फक्त नोंदींची डीबीएफ फाइल नको, सोबतच्या सीडीएक्स (अनुक्रमणिका) आणि एफपीटी फाइलीही. मेमो फील्डमधला (लांब नोंदींच्या रकान्यातला) मजकूर एफपीटीत असतो, ती राहिली तर डीबीएफ एकटी नीट उघडत नाही.

मेडिकल_मिरज

पट्टीची कार्बन कॉपी लागत असेल तर माझं मत वेगळं आहे. इंकजेटवर कार्बन उमटत नाही. नवे डॉट मॅट्रिक्स अजून दुकानात मिळतात. एपसनच्या एलएक्स-३१० ला जुना पॅरलल आणि यूएसबी, दोन्ही पोर्ट आहेत. पैसे जातील, पण रिबन स्वस्त पडते आणि दोन भागांची पट्टी एकदाच निघते. ड्रायव्हर मात्र विंडोजमधला जेनेरिक टेक्स्ट ओन्ली घ्या.

हळदपेढी_सांगली

सगळ्यांचे आभार. कार्बनची गरज नाही, एक प्रत शेतकऱ्याला आणि एक फाइलला, दोनदा छापू.

डॉसबॉक्स-एक्स टाकला, फोल्डरची प्रत आधी काढून ठेवली. पट्टीचं चित्र आलं! अक्षरही जुन्या पट्टीसारखंच आहे. बाबांनी स्क्रीनवर बघून लगेच तोलाईचा रकाना तपासला.

एक अडचण राहिली. ए५ वर सगळ्यात खालची सहीची ओळ दिसतच नाही, आणि तिच्या वरची निव्वळ देण्याची ओळ आडवी निम्मी कापली जाते. नेमकी तीच ओळ शेतकरी आधी बघतो. प्रोग्रॅममध्ये प्रिंटर सेटअप नावाचा एक पडदा आहे. तिथे ‘२७ ६४ २७ ६७ ३६’ असे आकडे लिहिलेले आहेत. त्यांना कुणी कधी हात लावलेला नाही.

क्लिपर_ते_पायथन

ताई, तो पडदा आहे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पुढचा विचार करणारा होता. कित्येकांनी हे आकडे प्रोग्रॅमच्या आतच कोंबलेले असायचे, मग तयार प्रोग्रॅम फाइलपुढे (एक्सई) काही चालायचं नाही.

२७ ६७ ३६ म्हणजे पान ३६ ओळींचं आहे. इंचाला ६ ओळी या मापानं ३६ ओळी म्हणजे ६ इंच, तुमचा जुना १० बाय ६ चा कागद. ए५ आडवा धरला तर उंची ५.८ इंच. पस्तिसावी ओळ साधारण ५.६७ इंचावर सुरू होते, तिला पुरेशी जागा मिळत नाही म्हणून ती निम्मी. छत्तिसावी कागदाच्या बाहेरच.

ओळी थोड्या जवळ आणायच्या. २७ ५१ आणि पुढे एक आकडा दिला की दोन ओळींमधलं अंतर इंचाच्या १८० व्या भागात ठरतं. सध्या ते ३० आहे. २९ केलं तर ३६ ओळी बरोबर ५.८ इंचांत बसतात, पण अगदी काठावर, आणि इंकजेट कागदाच्या कडेला थोडी जागा सोडतोच. म्हणून २८ घ्या, ५.६ इंच होतात. सेटअपमध्ये असं लिहा: २७ ६४ २७ ५१ २८ २७ ६७ ३६. क्रम बदलू नका. पानाची लांबी त्या क्षणी जे ओळीचं अंतर असेल त्यावरून मोजली जाते, म्हणून अंतर आधी आणि लांबी नंतर. आणि २७ ६४ पहिलंच राहू द्या, नंतर आलं तर ते तुमचं अंतर पुसून टाकेल.

तपासताना एकच पट्टी काढू नका, लागोपाठ दोन-तीन काढा. दुसरीची पहिली ओळ खाली सरकलेली दिसली तर प्रोग्रॅम पान सोडायचा १२ आकडा न पाठवता मोकळ्या ओळी मोजून पाठवतोय असं समजा. तसं असेल तर इथे लिहा, त्याला वेगळं बघावं लागेल.

हळदपेढी_सांगली

निव्वळ देणं आणि सही, दोन्ही ओळी पूर्ण आल्या. लागोपाठ काढलेल्या पट्ट्यांची पहिली ओळ जागच्या जागी आहे. आता प्रिंटआउटपुट बदलून कागदावरही काढली. बाबांनी जुनी पट्टी शेजारी ठेवून रकाना रकाना जुळवला.

आता हंगामाचा गोषवारा राहिला. तो १३२ कॉलमचा आहे आणि आधी रुंद कागदावर निघायचा. त्यालाही नवा कागद लागेल का?

क्लिपर_ते_पायथन

ए४ उभा पुरेल. १५ नंबरच्या बारीक टाइपमध्ये इंचाला साधारण १७ अक्षरं बसतात, म्हणजे ८ इंचांत १३७ पर्यंत. गोषवाऱ्यासाठी कॉन्फिगची वेगळी प्रत करा, रुंदी ८३, उंची ११७, आणि डेस्कटॉपवर दुसरा शॉर्टकट ठेवा. सेटअपचा पडदा दोन्हींना एकच असेल तर तिथे गोषवाऱ्याच्या वेळी २७ ६४ १५ लिहावं लागेल, पट्टीचे आकडे कागदावर टिपून ठेवा.