सर्जरीचं भूत उतरलं, आता भूल घेऊ का?

प्रश्न (इंटर्न):
पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) सोडवताना ठरवलं होतं, एमएस सर्जरीच. गावभर सांगूनही झालं. आता ओटीत (ऑपरेशन थिएटरात) रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवायचं अवजार, धरून उभी असते आणि नजर सारखी मॉनिटरकडे. परवा सिझेरियनला स्पायनल (पाठीच्या कण्यात भूल) दिल्यावर बीपी ८० वर आलं. भूलतज्ज्ञ मॅडमनी बोलता बोलता बीपी चढवणारं फेनिलएफ्रिन दिलं, दोन मिनिटांत ११०. मी बघतच राहिले. आता सर्जरीऐवजी भूलशास्त्रच घ्यावंसं वाटतं. बाबा म्हणतात, "पेशंटला तुझं नावही कळणार नाही." नीट पीजी (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा) तोंडावर. हा धरसोडपणा आहे का?

उत्तर १:
धरसोड कसली! पहिल्या वर्षी तू फक्त प्रेतं पाहिली होतीस, सर्जरी नव्हे.

उत्तर २ (भूलतज्ज्ञ, जिल्ह्याचं ठिकाण):
बाबांचं खरं आहे गं. सोळा वर्षांत पेढे मला दोनदा मिळाले, तेही एकदा चुकून. पण बीपी पडलेली केस कुणालाही आवडते. तू चार तासांची सपक केस बघ, जिथे काहीच होत नाही. तेव्हाही नजर मॉनिटरवरच राहते का? आणि रात्री अडीचला, जेवून आलेला पेशंट, आखूड मान, श्वासाची ट्यूब जात नाही, तेव्हा घाम तुलाच फुटणार.

उत्तर ३:
भूलशास्त्राचं एमडी काय, सर्जरीचं एमएस काय, तीनच वर्षं. पण प्रेफरन्स विचार करून भर, घेतलेली सीट मध्येच सोडली तर दंड बसू शकतो. मी भरलाय.

प्रश्नकर्ती:
उद्या थायरॉइडची केस आहे, लांबलचक. मॅडमच्या स्टुलाशेजारी उभी राहते.