कायरल, व्हीसीडी आणि जेल: मराठीत काय म्हणायचं?

रिकामटेकडी
भाचीच्या पीएचडीवर एका विज्ञान मासिकाला दोन पानं मराठीत लिहून देते म्हणाले आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. ती जेल बनवणाऱ्या रेणूंवर काम करते, म्हणजे तेलात थोडीशी पावडर टाकून गरम करायची, गार होताना रेणू आपले आपण एकमेकांना धरून लांब पिळदार धागे करतात, धाग्यांचं जाळं होतं आणि सगळं तेल त्यात अडकून बसतं. हा पीळ डावा का उजवा ते व्हीसीडीने (व्हायब्रेशनल सर्क्युलर डायक्रोइझम) बघतात. डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा इन्फ्रारेड प्रकाश आळीपाळीने सोडायचा आणि कुठला जास्त शोषला गेला तो फरक मोजायचा. फरक म्हणजे मूळ शोषणाच्या दहाहजाराव्या भागाएवढा, कधी त्याहूनही कमी. 'कायरल'ला, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखा भेद असलेल्या रेणूला, मी 'हस्तीय' लिहिलं तर म्हणे मावशी, हत्तीचं वाटतंय. सुचवा काहीतरी.

तिरपागडा
व्हीसीडी म्हणजे शनिवारी भाड्याने आणायचो ती का? :)

अण्णा_सातारकर
इन्फ्रारेड कशाला लिहिता ताई, 'अवरक्त' शाळेच्या पुस्तकात आहे. आणि कायरलला 'करीय' करा. ग्रीक 'खेइर' म्हणजे हात, आपला 'कर' तोच.

उपटसुंभ
तोच नाही हो अण्णा. 'कर' हा 'कृ'वरून, करतो तो कर. खेइरचं नातं लावायचंच तर 'हस्त'शी लावतात, म्हणजे ताईंचा हत्तीच बरोबर निघाला. सर्जरी शब्दातही तोच ग्रीक हात आहे. आणि कायरल काही प्राचीन बिचीन नाही, लॉर्ड केल्विन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९३च्या एका व्याख्यानात तो काढला. पाश्चरने १८४८ मध्येच टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते, त्याचं कुठे अडलं?

प्राजक्त_डोंबिवली
'वामावर्ती' आणि 'दक्षिणावर्ती' असताना एवढी चर्चा कशाला? शंखाला म्हणतोच की.

बेंझीनकडी
रसायनवाली आहे म्हणून मधे पडते. वामावर्ती हे धाग्याच्या पिळाला चालेल, रेणूला नाही. रेणू कायरल म्हणजे त्याचं आरशातलं रूप त्याच्यावर तंतोतंत बसत नाही, एवढंच. एरंडेलाचं उदाहरण द्या. त्यातल्या रिसिनोलिक आम्लात हायड्रोजन घातला की १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल मिळतं, त्याचाच लिथियम साबण बेअरिंगच्या ग्रीसमध्ये असतो. एरंडाचं झाड एकाच हाताचा रेणू बनवतं, त्याचे छान पिळदार धागे होतात आणि तेल धरून ठेवतात. डावे-उजवे समसमान मिसळले तर चपट्या चकत्या पडतात आणि जेल धड लागतच नाही.

उपटसुंभ
मग ते व्हीसीडीत दिसतं कसं?

बेंझीनकडी
सुटे रेणू असताना सिग्नल इतका बारीक की नॉइजमधून शोधावा लागतो, धागे झाले की कित्येक पटींनी मोठा होतो. कार्बोनिल गटाची (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची) शोषणपट्टी १७०० सेमी⁻¹ च्या आसपास असते तिथे बघायचं. गरम केलं की हा मोठा सिग्नल परत जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, इथे उलटं, धागा वितळला की त्याचा पीळ गेला, पण सुट्या रेणूचा डावा-उजवेपणा तसाच राहतो. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाची वाट लागेल. अजून एक, जेलमधले धागे एका दिशेला पडले तर खोटा सिग्नल येतो, म्हणून नमुना फिरवून परत मोजतात.

अण्णा_सातारकर
सिग्नल, नॉइज, कार्बोनिल. मराठी कुठे आहे यात?

बेंझीनकडी
क्रियापदं सगळी मराठी आहेत अण्णा.

तिरपागडा
'रेणूंचे जेल' असा मथळा दिलात तर लोक तुरुंग समजतील. तसं चुकीचंही नाही म्हणा, तेल आतच असतं.

अण्णा_सातारकर
जेल तरी काढा. कोलॉइडला (बारीक कण पसरलेलं मिश्रण, जेलही त्यातलंच) 'कलिल' आहे, गीतेत 'मोहकलिलं' आहे, दुसरा अध्याय.

प्राजक्त_डोंबिवली
गीतेतलं कलिल म्हणजे मोहाचा चिखल, त्याचं आणि ग्रीसचं काय? माझी आजी खरवसाला 'लागला' म्हणायची. जेल लागलं, विषय संपला.

रिकामटेकडी
'थिजले' कसं वाटतं? थिजलेले तेल. आणि आपले आपण जुळतात त्याला 'स्वयंजुळणी' का 'आपसूक जुळणी'?

अण्णा_सातारकर
थिजणे उत्तम. तूप थिजतं, रक्त साकळतं, पाणी गोठतं, प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि आपण वापरत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
असं काही नाही, आमच्या अकोल्यात हिवाळ्यात खोबरेल तेल गोठतेच. बाटली उन्हात ठेव, तेल गोठलं, हेच ऐकत मोठे झालो.

अण्णा_सातारकर
गोठतं ते पाणी.

वऱ्हाडी_ठेचा
अन् अंगात रक्त गोठते तेव्हा काय पाणी असते का?

प्राजक्त_डोंबिवली
रक्त भीतीने गोठतं, जखमेवर साकळतं. दोन्ही मराठीच.

वऱ्हाडी_ठेचा
मग तेलानंच काय पाप केलं?