सेंटॉरस ए मधला काळा पट्टा: इलिप्टिकल गॅलेक्सीत जुन्या टकरीच्या खुणा नेमक्या कशा ओळखतात?

वेल्ह्याचं_आकाश

नमस्कार मंडळी. मे मधल्या अमावस्येला आम्ही चौघं वेल्ह्याच्या पुढे एका मित्राच्या शेतावर आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) घेऊन गेलो होतो. दहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला आली, तिथून सरळ खाली उतरत ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पकडला आणि मग परत साडेचार अंश वर, सेंटॉरस ए ही गॅलेक्सी. क्षितिजापासून जेमतेम २८-२९ अंश उंची, त्यामुळे आशा फार नव्हती. आधी नुसता एक फिकट गोळा दिसला. पण डोक्यावरून काळं कापड घेऊन पाच मिनिटं डोळा आयपीसला लावून बसलो तेव्हा तो गोळा मधोमध दुभंगला, म्हणजे भाकरी मोडून दोन अर्धुकं जराशी लांब ठेवावीत ना तसा. मधला तो काळा पट्टा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, अजून विसरता येत नाहीये.

आता प्रश्न. माझ्याकडच्या पुस्तकात लिहिलंय की इलिप्टिकल (लंबगोल) म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांची गॅलेक्सी, गॅस नाही, धूळ नाही, नवे तारे नाहीत. मग ही एवढी धूळ आली कुठून? सगळे म्हणतात की हिने एक सर्पिल गॅलेक्सी गिळली, पण हे व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, होताना तर कोणी पाहिलं नाही, मग इतक्या खात्रीने कसं सांगतात? त्याच रात्री एम ८७ ही दुसरी इलिप्टिकल पण पाहिली, ती अगदी गुळगुळीत, एक डाग नाही. म्हणजे तिने काहीच खाल्लं नाही असं समजायचं का?

कृष्णपक्ष

पहिल्यांदा अभिनंदन, आपल्या अक्षांशावरून तो पट्टा दिसणं सोपं नाही.

ही गॅलेक्सी (एनजीसी ५१२८) जेम्स डनलॉपने १८२६ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅरामट्टाहून नोंदवली. १९४९ मध्ये आकाशातला एक जोरदार रेडिओ स्रोत हिच्याशी जुळला आणि १९५४ मध्ये बाडे आणि मिंकोव्स्की या दोघांनी मांडलं की इथे एक इलिप्टिकल आणि एक सर्पिल अशा दोन गॅलेक्सी एकमेकींत घुसल्यात. तेव्हा हे फार धाडसाचं बोलणं होतं, पण गाभा बरोबर निघाला.

आता धूळ का महत्त्वाची ते. मोठ्या इलिप्टिकलमध्ये "गॅस नाही" हे अर्धवट खरं आहे, थंड गॅस नसतो पण १ कोटी अंशाच्या आसपासचा विरळ तापलेला वायू असतो, तो क्ष-किरणांत दिसतो. या वायूत धुळीचा कण सापडला की वेगाने आदळणारे अणू त्याला घासून घासून संपवतात आणि हे व्हायला १ ते १० कोटी वर्षं पुरतात. गॅलेक्सीचं वय हजार कोटी वर्षांच्या घरात, धुळीचं आयुष्य काही कोटी. म्हणजे आज धूळ दिसतेय तर ती गॅलेक्सीच्या जन्मापासूनची असूच शकत नाही, एकतर अलीकडे बाहेरून आली किंवा आतून सतत भर पडतेय.

बाहेरून आली हे कशावरून, तर पट्ट्याची दिशा बघा. गॅलेक्सी ज्या दिशेने लांबट आहे त्याला तो जवळजवळ आडवा, काटकोनात आहे. धूळ घरचीच असती तर ती ताऱ्यांच्या फिरण्याशी जुळवून बसली असती. शिवाय ती चकती सपाट नाही, पिळलेली आहे. स्पिट्झर दुर्बिणीने इन्फ्रारेडमध्ये फोटो काढला तेव्हा मधोमध चक्क समांतरभुज चौकोन दिसला, आणि पिळलेली चकती कडेने पाहिली तर तसाच आकार दिसतो. अजून स्थिरावली नाही म्हणजे येऊन फार काळ झालेला नाही.

धुळीच्या या विषयावर आपल्याकडे पण चांगलं काम झालंय, नांदेडच्या विद्यापीठातले संशोधक, रायपूरचे आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले मिळून इलिप्टिकलमधल्या धुळीवर वर्षानुवर्षं लिहीत आलेत. मला याचा फार अभिमान वाटतो.

रात्रपाळी

धुळीबद्दल @कृष्णपक्ष यांनी छान सांगितलं, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण म्हणजे शेल्स (गॅलेक्सीभोवतीच्या फिकट कमानी), त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

डेव्हिड मालिन हे मूळचे केमिस्ट, अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत फोटोग्राफीचं काम बघायचे. त्यांच्या लक्षात आलं की काचेच्या फोटो प्लेटवर अतिशय फिकट प्रकाशाने उमटलेले चांदीचे कण इमल्शनच्या (काचेवरच्या प्रकाशसंवेदी लेपाच्या) अगदी वरच्या थरात असतात. मग त्यांनी पसरट प्रकाश वापरून, प्लेटला प्लेट चिकटवून अशी कॉपी काढायची पद्धत बसवली की वरचा थर तेवढा उठून यावा. जुन्याच प्लेट्स, पण त्यातून कोणी न पाहिलेलं बाहेर आलं. १९८० मध्ये त्यांनी आणि डेव्हिड कार्टरने दाखवलं की अगदी साध्यासुध्या वाटणाऱ्या इलिप्टिकलभोवती कमानीसारख्या फिकट कडा आहेत. १९८३ पर्यंत दक्षिण आकाशातल्या अशा १३७ गॅलेक्सींची यादी तयार झाली, आणि सेंटॉरस ए भोवतीचे शेल्सही त्याच वर्षी छापून आले.

हे कसे बनतात ते मला झोपाळ्यावरून कळलं. झोका मधून जाताना सुसाट असतो आणि टोकाला क्षणभर थबकतो. रात्री झोक्याला दिवा बांधून कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवा, दोन्ही टोकं उजळ येतील आणि मधला भाग पुसट. छोटी गॅलेक्सी मोठीच्या पोटात जवळजवळ सरळ पडली की तिचे विखुरलेले तारे असेच मधून आरपार जातात, पलीकडे वर चढतात, थबकतात, परत येतात. जिथे थबकतात तिथे गर्दी, ती गर्दी म्हणजे शेल. आता सगळे झोके एकाच वेळी सोडले पण दोऱ्या लहानमोठ्या असल्या तर थोड्या वेळाने कोणी या टोकाला कोणी त्या टोकाला, तसं ताऱ्यांचं होतं, त्यामुळे एक शेल डावीकडे, त्याच्या थोडा बाहेर पुढचा उजवीकडे, परत डावीकडे असा आलटूनपालटून क्रम लागतो. पीटर क्विनने १९८४ मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं. वासुकीतल्या एनजीसी ३९२३ मध्ये असे वीसहून जास्त शेल्स मोजलेत.

कडा बघायची सवय करा. शेलची बाहेरची कड चाकूने कापल्यासारखी असते आणि आतल्या बाजूला प्रकाश हळूहळू विरत जातो. हे दिसलं की ते तारे पडून परतलेले आहेत, दुसरं स्पष्टीकरण फार अवघड जातं.

अनुराधा_ताई

थोडं थांबवते, एक दुरुस्ती. धूळ दिसली की लगेच "टक्कर झाली" म्हणू नये. म्हातारे लाल राक्षसी तारे स्वतःचं बाहेरचं आवरण सोडत असतात आणि त्यातूनही थोडी धूळ येते, @कृष्णपक्ष दादांनी "आतून भर" म्हटलं ते हेच. काही इलिप्टिकलच्या मध्यात छोटीशी, गॅलेक्सीशी नीट जुळलेली धुळीची चकती असते, ती घरचीही असू शकते. संशय घ्यायचा तो आडवी, पिळलेली, विस्कटलेली धूळ असेल तेव्हा. एका खुणेवर कोणी जात नाही, दोन-तीन जुळल्या की मग बोलतात.

आणि जी खूण फोटोत कधीच दिसत नाही ती मला सगळ्यात जास्त भावते. गॅलेक्सीच्या ठिकठिकाणचा वर्णपट घेतला की तारे आपल्याकडे येतायत की लांब जातायत ते कळतं. बक तारकासमूहातली आयसी १४५९ घ्या, बाहेरून शांत, पण १९८८ मध्ये कळलं की तिचा गाभा बाकीच्या गॅलेक्सीच्या उलट्या दिशेने फिरतोय! एकाच घरात तयार झालेले तारे असे एकमेकांविरुद्ध फिरतील हे पटत नाही, तो गाभा किंवा तो घडवणारा गॅस वेगळ्या दिशेने आत आला असणार. धूळ काही कोटी वर्षांत जाते, शेल्स काहीशे कोटी वर्षांत विरतात, पण मध्यातली ही उलटी चाल त्याहूनही जास्त टिकू शकते.

पुढे २६० जवळच्या गॅलेक्सींची अशी पाहणी झाली, ॲटलास-थ्रीडी नावाची. त्यात फक्त ३६ खऱ्या अर्थाने संथ फिरणाऱ्या निघाल्या, बाकीच्या बऱ्यापैकी चकतीसारख्या फिरतात. पुस्तकातली "इलिप्टिकल म्हणजे नुसता गोळा" ही व्याख्या त्यानंतर फारशी टिकत नाही, म्हणून तुमचं पुस्तक कधीचं आहे ते बघा.

वेल्ह्याचं_आकाश

पुस्तक १९९४ चं आहे ताई, वडिलांचं. झोपाळ्याचं उदाहरण वाचून तर मी घरात सगळ्यांना सांगत सुटलोय. पण एम ८७ चं राहिलं.

रात्रपाळी

एम ८७ चं उत्तर फार सुंदर आहे. ती ५ कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे, सुटे तारे मोजणं कठीण. मग युक्ती अशी केली की प्लॅनेटरी नेब्युला शोधले, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीचं चमकतं आवरण. यांचा बराच प्रकाश एका ठराविक हिरव्या रंगात येतो, तेवढाच रंग गाळून घेतला की ते एवढ्या लांबूनही वेगळे उठतात आणि वेगही मोजता येतो. असे सुमारे ३०० मोजले तेव्हा २०१५ मध्ये कळलं की त्यातल्या काहींचे वेग बाकीच्यांशी जुळत नाहीत, अंतराप्रमाणे विशिष्ट रेषेत पडतात. म्हणजे गेल्या १०० कोटी वर्षांत एक मध्यम आकाराची सर्पिल गॅलेक्सी तिच्यात जिरलीय. तुम्ही पाहिलेल्या त्या गुळगुळीत गोळ्यातच ते तारे आहेत.

कृष्णपक्ष

ताईंची दुरुस्ती एकदम मान्य, मी घाईत लिहिलं.

सेंटॉरस ए बद्दल दोन गोष्टी राहिल्या. तिच्या बाहेरच्या भागातले सुटे तारे हबलने टिपलेत, त्यातले बहुतेक १२०० कोटी वर्षांच्या आसपासचे, पण साधारण पाचवा हिस्सा बराच तरुण, २०० ते ४०० कोटी वर्षांचा. आणि २००२ मध्ये तिथेच तरुण निळ्या ताऱ्यांचा एक लांबट पट्टा सापडला, एका छोट्या गॅलेक्सीचा ओढला गेलेला अवशेष. म्हणजे तिचं जेवण एकदाच झालेलं नाही.

टकरीनंतर लगेच कसं दिसतं हे बघायचं असेल तर कुंभेतली एनजीसी ७२५२. दोन लांब शेपट्या अजून लोंबतायत, मधला भाग मात्र इलिप्टिकलसारखा व्हायला लागलाय. अशा शेपट्या भरतीच्या ओढीने निघतात हे तूमरे बंधूंनी १९७२ मध्येच गणिताने दाखवलं होतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने हिला अतिनील प्रकाशात पाहिलंय, मध्याभोवती नव्या ताऱ्यांचं एक कडं दिसलं.

अनुराधा_ताई

घरबसल्या बघायचं तर लेगसी सर्व्हे या आकाश-पाहणीचा ऑनलाइन स्काय व्ह्यूअर फुकट आहे. शोधायच्या खिडकीत एनजीसी ४७४ टाका, मीन राशीत आहे, साधारण १० कोटी प्रकाशवर्षांवर. ती इलिप्टिकल आणि लेंटिक्युलर (भिंगासारखी चपटी) यांच्या सीमेवरची म्हणा. खोलीतला दिवा घालवा, स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण करा आणि आधी झूम आउट करून बघा. जवळ गेलात तर शेल्स हरवतात, कारण ते इतके पसरट असतात की सगळा आकार एकदम नजरेत यावा लागतो.

वेल्ह्याचं_आकाश

ताई, बघितलं. आत्ता रात्रीचे पावणेदोन वाजलेत. पहिल्यांदा नुसती पांढुरकी गॅलेक्सी आणि बाजूला ती दुसरी सर्पिल दिसली. मग दिवा घालवला, दोन पावलं मागे सरकलो आणि एकदम कमानी उगवल्या, एकीमागे एक, बाहेरची कड धारदार आणि आत विरत जाणारी, अगदी वर सांगितलंय तशी. मी सहा मोजल्या, मुलीने सात मोजल्या, ती म्हणते खालची एक मी सोडतोय आणि तिचं बरोबर आहे.

आमचं ठरलंय, डिसेंबरच्या अमावस्येला परत त्याच शेतावर जाणार आणि अश्मंतातली एनजीसी १३१६ शोधणार, तिच्यातही धूळ आहे आणि उंची सेंटॉरस ए पेक्षा पाच-सहा अंश जास्त मिळेल. आठ इंचीत धूळ दिसायची शक्यता किती, आणि कोणता आयपीस घेऊन जाऊ ते सांगा.