हेरोद राजा, मांडलिक, की चौथाईचा धनी?

म्हापशाची_वहिनी

मंडळी, एका शब्दाने चार दिवस छळलंय. आमच्या वाड्यावरच्या देवळात जत्रेला आम्ही बायका दरवर्षी एकांकिका करतो, यंदाची मी लिहितेय. सांजांवाला, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्माच्या सणाला, शिवोलीला मैत्रिणीकडे गेले होते. डोक्यावर कोपेलं, म्हणजे फुलांचे मुकुट, घातलेली पोरं धडाधड विहिरीत उड्या मारत होती. तिची सासू म्हणाली, "जल्माची परब सगळे करतात गो, त्याच्या मरणाचं कोण विचारीत ना." ज्या योहानाचा हा सण, त्याचं शिर हेरोदाच्या हुकमाने तबकात घालून आणलं होतं, हे मला आपलं अर्धवटच ठाऊक.

घरी येऊन मराठी बायबल उघडलं. मत्तयच्या शुभवर्तमानात १४व्या अध्यायात पहिल्याच ओळीत हेरोद ‘मांडलिक’, आठ ओळी खाली गेलं की तोच ‘राजा’. मार्कचं शुभवर्तमान तर सरळ राजाच म्हणतं. मूळ शब्द टेट्रार्क, म्हणजे चौथ्या भागाचा सत्ताधीश, असं कळलं. आणखी शोधलं तर भलतेच चार रोमन सम्राट पुढे आले, २९३ सालचे! योहानाला मारून तोवर अडीचशे वर्षं उलटलेली.

तर हेरोद मंचावर येताना भालदाराने पुकारायचं काय? मी ‘चतुर्थांशाधिपती’ लिहिलं होतं. भालदार होणारी शेजारीण तीनदा अडखळली आणि हसत खाली बसली.

शर्यतवाला_काका

माझ्या लेखी टेट्रार्क म्हणजे घोडा. जन्म १९११चा, करड्या अंगावर पांढरे ठिपके, ७ शर्यती धावला आणि ७ही जिंकला. दुसऱ्या महायुद्धात याच नावाचा इंग्रजांचा हलका रणगाडा होता, ग्लायडरमधून उतरवायचे. आत माणसं ३. चौघांचा हिशेब तिथेही जुळत नाही, बघा वहिनी!

फोंड्याचे_मास्तर

काकांनी थट्टेत बोट बरोबर ठेवलंय. हिशेब जुळतच नाही.

जुळायचा तो सुरुवातीला. ग्रीसमधल्या थेसालीचे खरोखरच ४ भाग होते, आणि मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने त्यांवर ४ अधिकारी बसवले. पुढे गलातीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ३ टोळ्या, प्रत्येकीचे ४ भाग, म्हणजे टेट्रार्क झाले १२. रोमन सेनानी पाँपीने पुढे टोळीमागे एकेकच ठेवला, तरी नाव तेच. इ.स.पू. ४१ मध्ये रोमच्या अँटनीने थोरल्या हेरोदाला आणि त्याचा भाऊ फसाएल याला टेट्रार्क केलं. तिथे तर दोघेच! तोवर शब्दाचा अर्थ ‘राजा म्हणण्याइतका मोठा नाही असा संस्थानिक’ एवढाच उरला होता.

तुमचा हेरोद म्हणजे अंतिपा, थोरल्याचा मुलगा. (बाळांना मारायला लावणारा तो थोरला. नाटकात घोळ करू नका, प्रेक्षक नक्की करतील.) बाप इ.स.पू. ४ मध्ये गेला, तेव्हा रोमचा सम्राट ऑगस्टस याने निम्मं राज्य थोरल्याच्या एका मुलाला, अर्खेलावसला दिलं आणि उरलेलं अंतिपा व त्याचा भाऊ फिलिप यांच्यात वाटलं. म्हणून वाटेकरी ३ असूनही ‘चौथाई’. पण चौथाई तरी कुठली सारखी? अंतिपाचं वार्षिक उत्पन्न २०० तालंत (तेव्हाचं पैशाचं मोठं माप), फिलिपचं १००.

२९३ सालचे चौघे वेगळे. डायोक्लेशन आणि मॅक्सिमियन हे दोन ‘ऑगस्टस’ म्हणजे थोरले सम्राट, गॅलेरियस आणि कॉन्स्टॅन्शियस हे दोन ‘सीझर’ म्हणजे धाकटे. खरोखर चौघांनी वाटून चालवलेलं राज्य ते हेच, आणि गंमत म्हणजे त्यांतला कोणीही स्वतःला टेट्रार्क म्हणवत नसे. ते नाव आताच्या इतिहासकारांनी चिकटवलं. व्हेनिसला जांभळ्या दगडात दोघे-दोघे गळामिठी घालून उभे आहेत, ते हेच. हात मात्र तलवारीवर! सख्ख्या भावांची वाटणी ज्याने पाहिली आहे त्याला ते शिल्प समजावून सांगावं लागत नाही.

डिचोलीकर

मास्तर, आपल्या गोव्यात हे नवं नाही. तिसवाडी ३० गावांची, बारदेस १२ची, सासष्टी ६६ची. मुरगाव तालुका वेगळा काढला म्हणून सासष्टीचं नाव कोणी बदललं का?

वहिनी, ‘चौथाई’ मात्र नको. आपल्या कानाला चौथाई म्हटली की मराठ्यांची वसुलीच ऐकू येते. तो महसुलातला वाटा, मुलूख दुसऱ्याचाच राहायचा. इथे उलट, मुलूख याच्या हाती आणि मालक रोममध्ये. गांवकरीचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराचं, रूपकही टाळा. गांवकारांचा हक्क वांगडातून, म्हणजे कुळातून, जन्मानेच यायचा. हेरोदाचा रोमच्या सम्राटाच्या मर्जीवर.

म्हापशाची_वहिनी

म्हणजे मांडलिक. पण मग तो मेजवानीत नाचलेल्या पोरीला, बायको हेरोदियाच्या लेकीला, "माझ्या अर्ध्या राज्यापर्यंत काय हवं ते माग" म्हणतो, ते कुठल्या जोरावर? मार्कमध्ये आहे.

फोंड्याचे_मास्तर

बाय, तुमचं नाटक तिथेच आहे! हाती चौथाई, तीही रोमच्या परवानगीने, आणि वाटतोय निम्मं. भालदाराला ‘मांडलिक’ पुकारू द्या, पंगतीतल्या खुशमस्कऱ्यांना ‘महाराज’ म्हणू द्या. मत्तयमध्ये दोन्ही शब्द आहेत ते तसेच वापरा.

पुढचंही ऐका. फिलिप ३४ साली वारला. ३७ साली रोमचा सम्राट कालिगुला याने त्याचा मुलूख हेरोदियाच्या भावाला, अग्रिप्पाला दिला, वर ‘राजा’ ही पदवी. कालपर्यंत कर्जात बुडालेला भाऊ राजा, आणि आपला नवरा एवढी वर्षं मांडलिकच! हेरोदियाने टुमणं लावलं. शेवटी अंतिपा पदवी मागायला रोमला गेला. अग्रिप्पाने आधीच कागाळी पोचवली होती. ३९ साली मुलूख गेला आणि त्याला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, हद्दपार केलं. त्याची चौथाई मिळाली अग्रिप्पालाच. हेरोदियाला सम्राट म्हणाला, तू अग्रिप्पाची बहीण, तुला शिक्षा नाही. ती म्हणाली, सुखात वाटेकरीण होते, आता सोडणार नाही. गेली नवऱ्याबरोबर.

म्हापशाची_वहिनी

अगं बाई! आणि मी तिला निव्वळ खलनायिका करून ठेवली होती. शेवटचा प्रवेश फाडला. भालदाराचे शब्द आता दोनच: "मांडलिक हेरोद!" तिला जमतात, पाठ झाले. हेरोदिया कोणी करायची यावरून मात्र कालपासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.