प्रॉडक्ट मॅनेजरांसाठीचं टूल: काय गाळावं, गिऱ्हाईक कुठं शोधावं?

उद्यमबाग_कोड:
नमस्कार मंडळी. बेळगावात तिघांची टीम आहे, दोन डेव्हलपर आणि एक डिझायनर. प्रॉडक्ट मॅनेजरांसाठी (पीएम, म्हणजे उत्पादनात काय बनवायचं ते ठरवणारे) टूल करतोय. स्लॅकवर (टीमच्या गप्पांचं अ‍ॅप) जे ठरतं ते जिराच्या (कामांची नोंद ठेवणारं अ‍ॅप) तिकिटाला, म्हणजे एकेका कामाच्या नोंदीला, जोडायचं, शिवाय रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा), मतदान आणि व्हाइटबोर्ड. हाताशी सहा महिन्यांचा खर्च आहे, त्यात एवढं बसत नाही. आधी काय गाळावं? उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सवाले भरपूर, पण पीएम शोधूनही सापडत नाहीत. कारखान्यांपासून सुरुवात करावी की थेट प्रॉडक्ट हंटवर (नवी टूल्स जाहीर करायची वेबसाइट) जावं? आणि दर काय ठेवावा?

शहापूर_बॅकएंड:
रोडमॅप, मतदान, व्हाइटबोर्ड तिन्ही गाळा. ते प्रत्येक टीमकडे कुठंतरी असतंच, निदान एक्सेलमध्ये तरी. नसतं ते 'असं का ठरलं' याचं उत्तर. तेवढंच बांधा. ठरलेल्या प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड, ते असं दिसू दे:

ठरलं: पहिल्या आवृत्तीत कॅश ऑन डिलिव्हरी नाही.
कारण: परताव्याचा हिशेब अजून लागत नाही.
नाकारलेला पर्याय: फक्त दोन शहरांत चालू करणे.
फेरविचार: 15 जून.

शेवटची ओळ सोडू नका. त्या तारखेला स्लॅकवर आठवण गेली की लोक परत टूलमध्ये येतात.

आता स्लॅकची मेख. मेसेजवरच्या तीन टिंबांतून कार्ड बनवायचा शॉर्टकट द्या, मेसेजचा मजकूर त्याबरोबरच मिळतो. मात्र त्यासोबत येणारा ट्रिगर आयडी (कार्डाचा फॉर्म उघडायला लागणारा कोड) 3 सेकंदांत बाद होतो. आधी जिरात तिकीट शोधून मग फॉर्म उघडायला गेलात तर फॉर्म उघडणारच नाही. रिकामा फॉर्म लगेच उघडा, तिकिटांची यादी मागाहून भरा. इव्हेंटचंही (स्लॅककडून आपोआप येणारी सूचना) तसंच: 3 सेकंदांत उत्तर गेलं नाही की स्लॅक तोच इव्हेंट पुन्हा पाठवतो आणि एकाची दोन कार्डं होतात. इव्हेंट आयडीवर युनिक इंडेक्स लावा म्हणजे तोच आयडी डेटाबेसमध्ये दुसऱ्यांदा घुसणार नाही, काम रांगेत टाका. सगळ्या चॅनेलचा इतिहास ओढून घ्यायचा मोह टाळा. मार्केटप्लेसवर मंजूर नसलेल्या नव्या व्यावसायिक अ‍ॅपना 2025 पासून मिनिटाला एकच रिक्वेस्ट आणि तीत 15 मेसेज, एवढंच मिळतं.

तुमच्या टूलनं जिरात लिहिलं की जिराचा वेबहुक (बदल झाल्याची आपोआप येणारी सूचना) तुमच्याकडे येतो, तुम्ही परत लिहिता, परत वेबहुक. हे चक्र तोडायला बदल कुणी केला तो अकाउंट आयडी तपासा, आपलाच असेल तर सोडून द्या.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कंपनीगणिक रो लेव्हल सिक्युरिटी (एका कंपनीला दुसरीच्या नोंदी न दिसण्याचा नियम) लावणार असाल तर अ‍ॅपसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा वापरकर्ता) करा. टेबलच्या मालकाला तो नियम आपोआप लागू होत नाही आणि स्वतःच्या मशीनवर सगळं ठीक दिसत राहतं.

टिळकवाडी_पीएम:
कारखाने जवळ आहेत म्हणून त्यांच्याकडे जाऊ नका. त्यांची अडचण ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या आवृत्तीची आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंची, ते टूल निराळं. तुमचं गिऱ्हाईक पुण्यात आणि बेंगळूरला आहे. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या इथल्या कॉलेजांतून शिकून तिकडं गेलेल्यांची यादी काढा. ओळखीतून गेलेला मेसेज वाचला जातो.

पंधरा जणांशी बोला, पण डेमो आधी दाखवू नका. दाखवलात की सगळे 'छान आहे' म्हणतात आणि कळत काहीच नाही. विचारा: 'मागच्या महिन्यात रद्द केलेलं एक फीचर सांगा, त्याचं कारण कुठं लिहिलंय ते उघडून दाखवा.' शोधायला लागलेला वेळ लिहून घ्या, विक्रीचं पान त्यातूनच तयार होईल.

मग पाच टीमना सहा आठवडे द्या, थोडे का होईना पैसे घेऊनच. लॉगिन मोजण्यात अर्थ नाही. पीएमनं लिहिलेलं कार्ड चौथ्या आठवड्यातही एखादा डेव्हलपर उघडतोय का, ते बघा. उघडत नसेल तर ती पीएमची खासगी वहीच झाली.

निपाणी_बिलिंग:
दर फक्त लिहिणाऱ्यांवर लावा, वाचणारे फुकट. डेव्हलपरचेही पैसे पडायला लागले की पीएम त्यांना बोलावतच नाही आणि टूल तिथंच मरतं.

गिऱ्हाइकाच्या बँक कार्डावरून दरमहा आपोआप वसुली 15,000 रुपयांपर्यंत होते, रक्कम त्याहून जास्त असली की दरवेळी ओटीपी लागतो आणि पैसे अडकतात. 18 टक्के जीएसटी धरून मूळ दर 12,700 च्या आत बसवा (एकूण 14,986). मोठ्या टीमना वार्षिक बिल द्या. आपल्या सीमाभागात एक चूक हमखास होते: पुणं कितीही जवळचं वाटलं तरी बिलापुरतं परराज्यच. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक 27 (महाराष्ट्र) नं सुरू झाला तर आयजीएसटी, 29 (कर्नाटक) असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी 9-9 टक्के. परदेशी गिऱ्हाईक आलं तर दर आर्थिक वर्षी आरएफडी-11 फॉर्म भरून एलयूटी, म्हणजे आयजीएसटी न भरता परदेशी विकण्याचं हमीपत्र, द्या.

प्रॉडक्ट हंट पाच टीम टिकल्यावरच. तिथला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनं मध्यरात्री 12:01 ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी 12:31, हिवाळ्यात 1:31. अमेरिकेचा दिवस आपल्या रात्री येतो, त्या रात्री तिघांनी पाळी लावून उत्तरं द्यायला हवीत.

उद्यमबाग_कोड:
आभार मंडळी. व्हाइटबोर्ड काढला. पण मागणाऱ्यांना काय सांगू?

शहापूर_बॅकएंड:
कार्डावर लिंकसाठी एक रकाना ठेवा. ज्यांचा बोर्ड जिथं आहे तिथली लिंक ते चिकटवतील. वीसातल्या दहा कार्डांवर ती दिसायला लागली तर पुन्हा विचार करू.